डाव्या चपलेतली शिम

बेबीताईच्या साडीचा काठ वाकडा पडतो, हे सगळ्यात आधी दिसलं ते कमलिनीला. कमलिनी ही शेजारीण. भिलाईत कॅम्प-१ च्या त्या गल्लीत दोघींच्या घरांना एकच भिंत. इकडे फोडणी जळली की तिकडे तिला ठसका लागायचा. गुरुवार होता. महाराजांच्या फोटोसाठी जास्वंदीची फुलं मागायला ती आली, आणि बेबीताई काठी टेकत झाडाकडे वळली तशी कमलिनीची नजर खाली गेली ती तिथेच राहिली.

“बेबीताई, साडी कशी नेसली वो? उजवीकडून लोळून राहिली, अन् डावीकडून घोटा दिसून राहिला.”

“घाईत नेसली.”

“काल बी घाईतच होती का?” कमलिनीने फुलं पदरात घेतली, पण पाय काही उचलला नाही. “ऑपरेशनचा पाय लांब तर नाही झाला? पाहजो बाई. माया मावससासूले असाच रॉड टाकला होता मांडीत. आतल्या आत सरकला. मंग पुन्हा उघडलं. एकदा उघडलं ते उघडलं, पण दुसऱ्यांदा उघडलं की...”

“की काय?”

“काही नाही. देव आहे.”

देव आहे, हे बेबीताईला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. दिवा लावल्याशिवाय तिने कधी चहा तोंडाला लावला नव्हता. पण त्या दिवशी पूजेला उभी राहिली, तेव्हा हात जोडलेले होते देवाकडे आणि जीव सगळा उजव्या मांडीत. खाली पाटावर बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून देवच टेबलावर चढले होते. नैवेद्याची वाटी ठेवताना तिच्या मनात एकच, की आत तो रॉड आता, या घडीला, काय करून राहिला असेल?

बेबीताई मूळची आमगावकडची. वडील रेल्वेत गँगमन, घर लाइनीच्या कडेला. लहानपणापासून तिची हाडं दुखायची. थंडी पडली की सांधे धरायचे, ताप चढायचा, आई एरंडाची पानं गरम करून बांधायची आणि कोणाची नजर लागली ते शोधत बसायची. पुढे रक्त तपासलं तेव्हा सिकल निघाली. त्या पट्ट्यात सिकल घरोघरी. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांमध्ये अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे दुखणं.

लग्नाआधी वडिलांनी काही लपवलं नाही. मुलगा भिलाईला प्लांटमध्ये फिटर, रेल मिलमध्ये मशिनी दुरुस्त करणारा. कृष्णराव त्याचं नाव. त्याने ऐकून घेतलं आणि म्हटलं, “मशीन बी बिघडते मामाजी. म्हणून कोणी भंगारात देते का? देखभाल करा लागते.” बेबीताईने हे दारामागून ऐकलं होतं. त्या एका वाक्यावर तिने संसार केला. एकच मुलगी झाली, निशा. तिच्या रक्तात सिकल अर्धीच उतरली, ही देवाची कृपा.

देखभाल कृष्णरावांनी खरंच केली. पण रक्ताची वाट अडली की हाड उपाशी मरतं, आणि तसा एक दिवस बेबीताईच्या उजव्या खुब्यातला गोळा सुकला. सुकला, मग चपटला. पाय तोकडा पडत गेला. कित्येक वर्षं ती एका अंगाने खचत चालली, आणि साडी लोळू नये म्हणून उजव्या बाजूने जरा वर खोचून नेसायची. लोकांना तिची चाल आणि तिची साडी, दोन्ही पाठ झाली होती. मग उठता-बसता ओरडायची पाळी आली, तेव्हा नेहरू नगरच्या बाजूला एका हॉस्पिटलात डॉक्टर देवांगन यांच्याकडे नेलं.

डॉक्टर देवांगन छत्तीसगढी माणूस. हिंदीत बोलायचे, आणि बेबीताईचा चेहरा उतरला की मधेच म्हणायचे, “झन डरा, दाई.” घाबरू नको, आई. सुकलेला गोळा काढायचा आणि मांडीच्या हाडात रॉड ठोकून त्याच्यावर नवा गोळा बसवायचा, असं ठरलं. त्यांनी कॉम्प्युटरवर तिच्या मांडीच्या हाडाचा फोटो लावला आणि त्याच्यावर रॉडचे आकार एकेक करून ठेवून पाहिले. हा मोठा. हाही मोठा. सिकलवाल्यांचं हाड बाहेरून नेहमीसारखं दिसतं, पण आतली पोकळी अरुंद असते आणि हाड काचेसारखं कडक, असं त्यांनी समजावलं. मोठा रॉड ठोकला तर हाड तडकणार. नुसता बारीक घेतला आणि सैल राहिला, तर तो खाली खाली बसत जाणार. म्हणून सगळ्यात लहान मापाचा, पण अंगाने खरखरीत असा रॉड मागवायचा ठरला.

“सिमेंट नाही लावत, साहेब?” कृष्णरावांनी विचारलं.

सिमेंट नाही, डॉक्टर म्हणाले. घट्ट बसवायचा. हळूहळू हाडच त्या खरखरीत अंगात शिरतं आणि त्याला धरून ठेवतं. कृष्णरावांचे डोळे चमकले. असंच त्यांनी आयुष्यभर बेअरिंग बसवल्या होत्या. डॉक्टरांनी टेबलावरचा नमुन्याचा रॉड त्यांच्या हातात दिला, आणि कृष्णराव तो बोटांनी चाचपत, उजेडात धरून फिरवत बसले.

“और ये गर्दन,” डॉक्टर बेबीताईला दाखवत होते, “ये ज़रा सी सामने घूमी रहनी चाहिए.” जास्त फिरली तर गोळा समोरून निसटतो, कमी फिरली तर वाकताना मागून.

हे बेबीताईला लगेच कळलं. दरवर्षी भादव्यात घरी महालक्ष्म्या बसायच्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे पितळी मुखवटे लोखंडी कोठ्यांच्या दांड्यावर बसवायचं काम तिचंच. मुखवटा कणभर जरी फिरला, तरी ज्येष्ठा भिंतीकडे पाहते आणि कनिष्ठा रुसल्यासारखी दिसते. मग उचलायचा, चिंधी नीट करायची, पुन्हा बसवायचा. तिथे देवी उभी राहते बिचारी, काही बोलत नाही. पण इथे?

“चुकलं तर पुन्हा काढता येते का जी?” तिने विचारलं.

“निकल तो सकता है, दाई. पर आपके केस में मैं दोबारा खोलना नहीं चाहूँगा.”

त्यानंतर डॉक्टर बरंच काही बोलले. पण बेबीताईचे कान त्या ‘दोबारा’पाशीच अडकून राहिले, आणि कृष्णरावांचं सगळं ध्यान हातातल्या रॉडकडे होतं.

ऑपरेशन झालं. रॉड बसला, पण त्या धक्क्याने सिकल खवळली. छातीत कळा, ताप, रक्ताच्या बाटल्या. निशा हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून रडायची आणि आत येताना तोंड धुवून यायची. बेबीताईने त्या दिवसांत एवढंच मागितलं, की देवा, महालक्ष्म्यांना यंदा माझ्या हाताने घरात आण, मग तुझी मर्जी. ते दिवस सरले. पण कोणी त्यांचा विषय काढला की ती उठून कामाला लागायची. ‘दोबारा’ म्हणजे काय, हे आता तिला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक झालं होतं.

घरी आल्यावर जुनं दुखणं गेलेलं होतं. साफ गेलेलं. त्याच्या जागी दुसरंच काही आलं. उजवा पाय लांब वाटायला लागला. उभं राहिलं की डावी टाच अधांतरी, जणू डाव्या पायाखाली एक पायरी कमी आहे.

“नीज पाहू सरळ,” कृष्णराव म्हणाले. तिला दिवाणावर निजवून त्यांनी ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि दोन्ही टाचा जोडून पाहिल्या.

“अहो, मी काय रेल आहो का पट्टी लावाले?”

“रेल असती तर सोपं होतं. रेल गुदगुल्या झाल्या म्हणून हासत नाही. हलू नको.” मग त्यांचा आवाज बदलला. “उजवी टाच खाली आहे. चांगली बोटभर.”

“मंग? डॉक्टराले फोन करायचा?”

“करू ना.” कृष्णराव पट्टी पुसत राहिले. “अन् तो म्हणला, उघडून पाहू, तर?”

कुकरची शिट्टी झाली, तरी कोणी उठलं नाही.

“डाव्याखाली पॅकिंग देतो,” शेवटी कृष्णराव म्हणाले.

प्लांटमध्ये मशिनीचा एखादा पाय जमिनीवर नीट टेकला नाही, की त्याच्याखाली पातळ पत्रा सरकवतात. त्याला शिम म्हणतात. शिम दिली की मशीन थरथरत नाही. रिटायर होऊनही कृष्णरावांची ती सवय गेली नव्हती. घरातल्या कूलरखाली शिम, फ्रिजखाली शिम. कनिष्ठेच्या कोठीखालीसुद्धा दरवर्षी शिम, कारण त्या कोपऱ्यातली फरशी खचलेली होती. आता त्यांनी मशिनीच्या सांध्यात घालतात त्या गॅस्केटच्या जाड शीटचा टाचेएवढा तुकडा कापला, पावर हाउस बाजारातल्या मोच्याकडे जाऊन डाव्या चपलेचा तळ उघडवला, तुकडा आत बसवला आणि वरून शिवून घेतला. घरातल्या चपलेलाही तसंच. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळू नये अशी सफाई होती. निशालाही सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर तिने तडक डॉक्टरांना सांगितलं असतं.

पहिल्यांदा चप्पल घालून बेबीताई ओसरीपर्यंत गेली आणि आली, तेव्हा तिला रडू आलं. “बराबर झालं,” ती म्हणाली. कृष्णरावांनी नुसती मान हलवली, पण संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या तिघांना बोलावून चहा पाजला, कारण न सांगता.

बराबर काही दिवसच राहिलं. मग पुन्हा तेच. पाय लांब. पुन्हा दिवाण, पुन्हा पट्टी, आणि टाच पुन्हा खाली. कृष्णरावांनी शिमवर शिम चढवली. पण बेबीताईच्या मनात एक भलतंच येऊन बसलं. पाय वाढून राहिला का? लेकरांचे पाय वाढतात. पन्नाशीला टेकलेल्या बाईचा पाय वाढतो का? की तो बारीक रॉड आतून फिरत चालला, मुखवट्यासारखा?

पहिल्या तपासणीला ती डॉक्टरांपुढे दात दाबून सरळ चालली. चप्पल त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता. केबिनच्या दारावर पाटी होती, जूते-चप्पल बाहर उतारें. देवळात जावं तशी ती अनवाणी आत गेली, नमस्कार केला, टाके दाखवले, सगळं बरं आहे म्हणाली आणि बाहेर येऊन चप्पल घातली.

आणि आता साडीचा काठ. साडी लपवता येत नाही. कमलिनी बोलून गेली त्या दिवसापासून बेबीताई तांदूळ निवडतानाही एक हात मांडीवर ठेवून बसायची. खुर्चीतून उठताना खुब्यात ‘टक’ झालं की तांदळातला खडा तसाच राहायचा. निशा नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवून घरी यायची आणि आईला तशी बसलेली पाहून चिडायची.

“आई, तू फिर से पाय दाबून राहिली? कुछ नहीं होता यार. किती टेन्शन घेते!”

“घेत नाही वो. येते.”

दुसऱ्या तपासणीला लपवणं जमलं नाही. अनवाणी चालताना डावा पाय खड्ड्यात पडल्यासारखा पडत होता आणि उजवा गुडघा आपोआप दुमडत होता. डॉक्टर देवांगन तिला दारापासून टेबलापर्यंत येताना पाहत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“दाई, ऐसे झुक के क्यों चल रही हो?”

नवा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावून बराच वेळ पाहिलं. रॉड जिथे बसवला तिथेच होता. हाडाची लांबीही दोन्हीकडे सारखी. मग हा तिरपेपणा कशाचा? इतक्या दिवसांत तो जायला हवा होता. “एक बार सीटी करा लेते हैं,” ते म्हणाले. “रॉड का घुमाव देख लेंगे. घुमाव में कुछ फ़र्क निकला, तो...”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. बेबीताईने मनातल्या मनात ते वाक्य पुरं केलं आणि पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं, की बोट पांढरं पडलं. बाजूला उभ्या कृष्णरावांनी घसा खाकरला. मग दाराबाहेर चपला होत्या त्या बाजूला पाहिलं.

बाहेर दारापाशी चपलांचा ढीग झाला होता. आईला वाकता येत नाही, म्हणून निशाने तिच्या चपला शोधल्या. एक एका हातात, दुसरी दुसऱ्या हातात. आणि ती तशीच उभी राहिली. डावा हात खालीवर करून पाहिला.

“बाबा, ही चप्पल जड कावून आहे?”

“काही नाही. पॅकिंग आहे.”

“पॅकिंग? चपलीत?” निशाने अंगठ्याने तळ दाबला, शिवण पाहिली. “आई, तुले माहीत होतं?”

“निशा, घरी चल. मंग सांगतो,” बेबीताई म्हणाली.

निशा एवढ्यावर घरी जाणारी मुलगी नव्हती. ती तशीच वळली, दार ढकललं आणि दोन्ही चपला घेऊन आत शिरली. बेबीताईचा जीव उडाला. “अवं चप्पल घेऊन कुठं जाते! डॉक्टर आहे तो!” पण तोवर चपला डॉक्टरांच्या टेबलावर, एक्स-रेच्या पाकिटाशेजारी जाऊन पडल्या होत्या.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चपलेची जाडी पाहिली, दुसरी शेजारी ठेवून पाहिली. “कब से?”

कृष्णरावांनी सगळं सांगितलं. दिवाण, पट्टी, टाचा, शिम, शिमवर शिम. प्लांटमध्ये साहेबापुढे बिघाडाचा अहवाल द्यावा, तसे दोन्ही हात मागे बांधून, एकही गोष्ट न गाळता.

डॉक्टरांनी बेबीताईला पुन्हा पलंगावर निजवलं. “इधर देखिए, कृष्णराव जी.” टाचा जोडल्या. उजवी खाली होती, बोटभर. मग त्यांनी तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर एकेक अंगठा ठेवला. डावा अंगठा वर, उजवा खाली. कंबरच तिरपी होती. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कंबर हळूच सरळ केली, बेबीताईच्या तोंडून “आई गं” निघालं, आणि त्याबरोबर तिकडे खाली दोन्ही टाचा एकमेकींच्या बरोबरीला आल्या.

“आपने एड़ी से नापा,” डॉक्टर म्हणाले.

कृष्णराव त्या टाचांकडे पाहत राहिले. ज्याच्यावर सगळी मशीन उभी राहते त्या बैठकीला ते लोक बेड म्हणतात, आणि नव्या पोराला पहिला धडा हाच असतो, की आधी बेडची लेव्हल पाहा, मग वरचं माप घे.

“बेडच आउट होता,” ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. “अन् मी वरचंच मापून राहिलो होतो.”

मग डॉक्टरांनी सावकाश समजावलं. इतकी वर्षं दाई तोकड्या पायावर चालली. कंबर त्या बाजूला झुकायची शिकली, स्नायू तसेच आखडले. रॉडने पायाला त्याची मूळची लांबी परत दिली, ती कमरेला खरी वाटेना. पाय लांब वाटेल, काही महिने लागतील, कंबर हळूहळू सरळ होईल, हे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. पण शिमेने कमरेला सरळ व्हायची गरजच ठेवली नाही. जितकी शिम जाड, तितकी कंबर तिरपीच राहणार. आणि रॉड खाली बसला असता, तर पाय तोकडा झाला असता, लांब नाही.

“म्हणजे सीटी नाही?” निशाने विचारलं.

“अभी नहीं. शिम निकालो, कसरत करो. त्योहार के बाद दिखाना.” ते बेबीताईकडे वळले. “तब भी टेढ़ी चली, दाई, तो फिर देखना पड़ेगा. झन डरा.”

पण आज त्या शब्दांनी काही भीती गेली नाही. कारण ‘तो फिर’ तसंच राहिलं होतं.

घरी येऊन कृष्णरावांनी ब्लेडने चपलेची शिवण उसवली, तुकडे बाहेर काढले आणि मोरीपाशी मान खाली घालून बसून राहिले. बेबीताई स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती.

“जाऊ द्या ना,” ती म्हणाली. “चहा मांडता का? मले ओट्यापाशी शिमबिना उभं राहता येत नाही.”

कृष्णराव उठले आणि त्यांनी चहा मांडला. साखर दोनदा पडली. बेबीताईने तो तसाच गोड चहा पिऊन टाकला.

ते तुकडे फेकायला ठेवले होते. पण त्यातला एक, सगळ्यात जाड, बेबीताईने उचलला आणि देवांच्या टेबलावर तिच्याही घरी महाराजांचा फोटो होता, त्याच्यामागे सरकवून दिला. लागलाच तर असावा.

मग श्रावण आला. रोज निजून पाय बाजूला न्यायचा, कंबर सरळ धरायची, आरशासमोर उभं राहून दोन्ही खांदे पाहायचे. सरळ उभं राहिलं की तिला आपण पडतो आहोत असंच वाटायचं. वाकडं उभं राहिलं की बरं वाटायचं. कोणतं खरं? निशा म्हणायची, आरसा खरा. बेबीताईला आरशाचा भरवसा येत नव्हता. कितीदा तरी, घरात कोणी नसताना, तिचा हात फोटोमागे गेला. बोटांना गॅस्केटची कड लागली की ती हात मागे घ्यायची आणि फोटोलाच म्हणायची, “पाहून राहिले ना तुमी? मंग सांगा ना काही.” एकदा बाजारात जाताना तिने तुकडा पिशवीतही टाकला. चौकापर्यंत गेली, एका टपरीला टेकली, आणि तशीच परत आली. घातला मात्र नाही.

महालक्ष्म्या बसायचा दिवस उजाडला. निशाने दारापासून आतल्या खोलीपर्यंत हळदी-कुंकवाची पावलं काढली. फुलं, सोळा भाज्या, आंबिलीचं पीठ, सगळी धांदल कमलिनीने अंगावर घेतली होती आणि सकाळपासून ती सगळ्यांवर ओरडत होती. कृष्णराव म्हणाले, “मुखवटे निशा आणंल. तू आत बसून राय खुर्चीवर.”

“मी आणतो,” बेबीताई म्हणाली. “ज्येष्ठा मी. कनिष्ठा निशा.”

काठी तिने दाराच्या कोपऱ्यात उभी केली. दोन्ही हातांत मुखवटा, म्हणून हात धरायला कोणी नाही. पायात चप्पल नाही. उंबऱ्याबाहेर ती उभी राहिली आणि समोरच्या पहिल्या पावलाकडे पाहिलं. ती फरशी तिला एकाएकी तिरपी वाटली.

आत कमलिनी तयार होती. रीत अशी, की आत उभ्या सवाशिणीने विचारायचं आणि आणणारीने सांगायचं.

“कोण आलं?” कमलिनीने हाक दिली.

“महालक्ष्मी आली.” उजवा पाय आत. डावा पाय. खड्डा आला नाही. की यायचा आहे?

“काय घेऊन आली?”

“धनधान्य घेऊन आली.” उजवा. डावा. मांडीत काही टकटक झालं नाही. मागे निशाचा श्वास ऐकू येत होता.

आता पुढचा प्रश्न यायचा, कशाच्या पावलानं आली. तो आलाच नाही. बेबीताईने मान वर केली. कमलिनी खाली पाहत होती. सरळ तिच्या साडीच्या काठाकडे.

बेबीताईची मुखवट्यावरची पकड घट्ट झाली, पितळेची कड तळव्यात रुतली. तिने खाली पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही.

“कावून थांबली?” तिने विचारलं. “वाकडा आहे?”

“अं?”

“काठ, काठ! वाकडा पडला का?”

“नाही वो बाई,” कमलिनी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “दोन्हीकडून सारखा टेकून राहिला. मी पाहतच राहिली.”

“मंग विचार ना पुढचं!” कृष्णराव घंटा वाजवायची सोडून ओरडले. “देवीले दारात ताटकळत ठेवते का?”

“कशाच्या पावलानं आली?” कमलिनीने नाक पुसत विचारलं.

“सोन्याच्या पावलानं,” बेबीताई म्हणाली. मग तिने मोठ्याने पुन्हा म्हटलं.

ज्येष्ठेचा मुखवटा तिनेच बसवला. चिंधी गुंडाळली, दांड्यावर टेकवला, कणभर फिरवला, मागे सरून पाहिलं, पुन्हा कणभर फिरवला. मग कनिष्ठेचा. पण कनिष्ठेची कोठी दरवर्षीसारखी डुलली. त्या कोपऱ्यातली फरशी जशी होती तशीच होती.

कृष्णराव खाली वाकले, आणि तसेच थांबले. एरवी त्यांचा हात शिमेसाठी आपोआप खिशाकडे गेला असता. आज त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि ते ओशाळले. “पुठ्ठा आहे का वो एखादा?”

बेबीताई टेबलापाशी गेली, महाराजांच्या फोटोमागे हात घातला आणि तो जाड तुकडा काढून त्यांच्यापुढे धरला.

“हे तू ठेवलं होतं?”

“हाव.”

“कावून?”

“भेव वाटे.” तिने तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. “घ्या. तिच्या खालची फरशीच खचली आहे. तिले लागते.”

कृष्णरावांनी शिम सरकवली, कोठी हलवून पाहिली. हलली नाही. डॉक्टरांकडे जायचं अजून बाकी होतं, आणि ते काय म्हणतील याची धाकधूक बेबीताईच्या छातीत होतीच. पण आंबील ढवळायची राहिली होती. ती स्वयंपाकघराकडे वळली. कमलिनी मागून ओरडली, “बेबीताई, काठी विसरली!” तोवर बेबीताई ओट्यापाशी पोचली होती.